आत्म्याचं अक्षर

संपादकांचा फोन आला. "साळवे सर, आमच्या दिवाळी अंकाला भुतांवर काहीतरी द्या. दिवाळीत भुतं चांगली चालतात." मी म्हणालो, अहो, मी जन्मभर ख्रिस्ती मंडळीच्या प्रश्नोत्तर विभागात काम केलं. तुमच्या घरात भूत नाही, हे लोकांना लिहून कळवणं हाच माझा धंदा. त्यावर ते म्हणाले, "मग नसलेल्या भुतांवर द्या, पण महिनाअखेरच्या आत."

नसलेल्या भुतांचा मला दांडगा अनुभव आहे, म्हणून हो म्हणालो.

प्रश्नोत्तर विभाग म्हणजे फार मोठं खातं असावं असं वाटेल, तर तसं काही नव्हतं. सत्तरच्या दशकात हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. तिथल्या आमच्या मिशनच्या आवारात टिनाची एक खोली होती. खोलीत एक टेबल, एक कपाट, एक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्याचा एक जाडजूड कोश आणि मी. बाजारच्या दिवशी आम्ही हँडबिलं वाटायचो: 'देव, पाप, मरण, आत्मे यांविषयी आपल्या मनात प्रश्न असल्यास कळवा. उत्तर मोफत.' लोकांनी बाकीचं सगळं सोडून 'आत्मे' आणि 'मोफत' हे दोनच शब्द वाचले आणि पत्रांचा पाऊस पडला.

उत्तर पोस्टकार्डावर जायचं, कारण मंडळीला तेवढंच परवडायचं. म्हणजे सृष्टीची उत्पत्ती असो की जगाचा अंत, सगळं पंधरा ओळींत बसवायचं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू, शिस्तीचे कडक. त्यांचे नियम दोन. उत्तर शास्त्राला धरून हवं, आणि 'माहीत नाही' असं कधी लिहायचं नाही. गावोगावी मला 'उत्तरमास्तर' असं नाव पडलं होतं.

मला वाटलं होतं, लोक त्रैक्याबद्दल विचारतील. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, हा आमच्या शिकवणुकीतला सगळ्यात अवघड धडा. त्याचं उत्तर मी घोटून ठेवलं होतं. कुणीही विचारलं नाही. लोक विचारायचे, वडाखालचा मुंजा पिंपळाखाली राहायला जाऊ शकतो का. मी लिहायचो, मेलेला माणूस परत येत नाही. दुरात्मे आहेत असं शास्त्र सांगतं, पण ते म्हणजे तुमचे आजोबा नव्हेत. या एका वाक्यावर मी निम्मी नोकरी काढली.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भारी होती. वसमत तालुक्यातल्या एका निलंबित तलाठ्याचं पत्र फुलस्केप कागदावर, समास सोडून आलेलं. 'विषय: सैतान यास सेवेतून काढून टाकल्याबाबत. सदर इसम पूर्वी देवदूत या पदावर कार्यरत होता असे समजते. त्यास कारणे दाखवा नोटीस बजावली होती काय? चौकशी अधिकारी कोण होते? अपिलाची मुदत किती?' शास्त्राच्या कोशात मला चौकशी अधिकारी काही सापडला नाही. मी लिहिलं, 'सदर इसमाचा निकाल लागलेला आहे. आपला अजून लागायचा आहे, तरी धीर धरावा.' सहा महिन्यांनी तलाठीभाऊ पेढे घेऊन हजर. कामावर परत घेतलं होतं म्हणे. माझं कार्ड त्यांनी आपल्या अर्जाला जोडलं होतं! कुठल्या साहेबाने काय समजून त्यावर सही केली, ते देवच जाणे.

कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्याने विचारलं, एका माणसाच्या अंगात एका वेळी किती आत्मे मावतात? त्याच्या बायकोच्या अंगात तिघं यायचे, आणि त्यातला एक हिंदी बोलायचा. हे प्रकरण कार्डावर मिटणारं नव्हतं. मी एसटीने गेलो. बाई भल्या पहाटे चुलीपुढे बसायची ती दिवस मावळेपर्यंत भाकरी थापायची. अंगात यायचं ते नेमकं बाजारच्या दिवशी, गर्दीच्या वेळी. मी गेलो तेव्हा तो हिंदीवाला आलेलाच होता.

"क्या चाहिए?" मी विचारलं.

"आराम," तो म्हणाला.

मी ढाबेवाल्याला बाजूला घेतलं. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि माणसालाही तशीच आज्ञा दिली, हे त्याला समजावलं. तो म्हणाला, "देवाचा ढाबा न्हाई ना मास्तर." पण भुताच्या धाकाने का होईना, त्याने आठवड्यातून एक दिवस बायकोला सुट्टी दिली. तिघंही निघून गेले. जाताना बाईने मला चार भाकरी बांधून दिल्या, आणि दारामागून हळूच म्हणाली, "बराबर वळखलं तुमी."

असं जमून गेलं की छाती फुगायची. पण सगळंच काही जमलं नाही. कुरुंद्याहून एका आईने विचारलं होतं, माझं आठ दिवसांचं लेकरू गेलं, ते आता कुठं असेल? मी पंधरा ओळींत शास्त्रातल्या सहा जागा दाखवून, अगदी मुद्देसूद उत्तर पाठवलं. तिचं पुन्हा पत्र आलं नाही. उत्तर बरोबर होतं, पण त्या बाईला ते नको होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते कार्ड आजही मनात सलतं.

आता हट्टा गावचं प्रकरण. त्याआधी खिल्लारे पोस्टमनची ओळख करून द्यायला हवी, कारण पोस्टकार्डाचा धंदा पोस्टमनशिवाय चालत नाही. कार्ड उघडं. गावात वाचणारे थोडे. त्यामुळे पोस्टमन नुसतं कार्ड देऊन जात नसे. उंबऱ्यापाशी उभं राहून ते मोठ्याने वाचून दाखवी, आणि लोकांना पत्रं लिहूनही देई. हट्ट्याचे खिल्लारे बौद्ध. पक्के, वाचन असलेले आणि वादाला कधी मागे न हटणारे. ते स्वतःही माझे गिऱ्हाईक होते. दर महिन्याला त्यांचं एक कार्ड यायचं आणि त्यात एकच प्रश्न असायचा: 'आमच्या धम्मात आत्मा मानत नाहीत. तुमच्यात मानतात. पुरावा काय?' मी दर महिन्याला पुरावा द्यायचो. ते पुढच्या महिन्यात लिहायचे, 'आपले कार्ड मिळाले. अक्षर सुंदर आहे. पुरावा मिळाला नाही.'

त्याच हट्ट्याहून एकदा गणपतराव नावाच्या शेतकऱ्याचा प्रश्न आला. मजकूर एवढाच: 'घरात आत्मा असल्याचे भगताने सांगितले आहे. तरी आत्मा घरात ठेवावा की बाहेर काढावा, ते कळवावे.' असले प्रश्न रोजचे. मी आमच्या शिकवणुकीप्रमाणे दोन्ही बाजू लिहिल्या. घरात दुरात्मा असल्यास प्रार्थनेने घालवावा. परंतु पवित्र आत्मा घरात वसत असल्यास भिऊ नये. पवित्र आत्म्याला दुःख देऊ नये. ज्या घरातून पवित्र आत्मा जातो, त्या घराची बरकत जाते. बरकत हा शब्द माझ्या पदरचा. आपल्या भागात तो लवकर कळतो. कार्ड पेटीत टाकलं आणि विसरलो.

महिन्याभराने गणपतराव स्वतः आले. डोक्याला पांढरं मुंडासं, हातात नारळ, काखेत हळदीची पिशवी. नेमके पाळकसाहेब माझ्या टेबलापाशी बसलेले.

"मास्तर, लई उपकार झाले," गणपतराव म्हणाले. "घर सुधारून गेलं. आता एक काम करा. पवित्र आत्याचा एखादा फोटो असंल तर द्या. देवघरात लावतो."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "कुणाचा फोटो?"

"पवित्र आत्याचा. पिता, पुत्र आन् पवित्र आत्या. तुमच्या प्रार्थनेतबी तसंच हाय म्हणं. आमच्या घरी बराबर जमून गेलं बगा. पिता मी, पुत्र आमचा दत्तू, आन् त्याची आत्या ती आमची सखराबाई."

मी पाळकसाहेबांकडे बघायचं टाळलं. गणपतराव पुढे सांगत गेले तशी हकिगत कळली. सखराबाई ही त्यांची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आली. त्याच वर्षी म्हैस आटली आणि दत्तूला तापाने धरलं. तेवढ्यात गणपतरावांची एक दूरची आत्या पाहुणी म्हणून आली आणि दोन महिने मुक्काम ठोकून बसली. तिने गणपतरावांच्या बायकोचे कान भरले की हे सगळं या विधवेच्या पायगुणाने होतंय. भगताला तिनेच बोलावलं. भगत म्हणाला, घरात आत्मा बसलाय, काढा बाहेर. सगळ्यांनी सखराबाईकडे बघितलं. बिचारीने बोचकं बांधलं. जायचं कुठे, तर तिला सासरचं दार बंद आणि माहेर हेच. गणपतरावांचा जीव होईना, म्हणून त्यांनी खिल्लारेंकडून मला पत्र लिहून घेतलं. उत्तर येईपर्यंत तिला ठेवायचं, असं ठरलं होतं.

"आन् तुमचं कार्ड आलं," गणपतराव म्हणाले. "खिल्लारेंनी चार लोकांत वाचलं. घरात दूरची आत्या असल्यास हात जोडून घालवावी. तवाच समद्यांचे डोळे उघडले! दुसऱ्या दिशी म्हातारीला वसमतच्या गाडीत बसवून दिलं. आन् पुढं काय, तर पवित्र आत्या घरात वसत असल्यास भिऊ नये. पवित्र आत्याला दुःख देऊ नये. पवित्र आत्या जातो त्या घराची बरकत जाते."

"आत्या जातो?" पाळकसाहेबांनी विचारलं. "आत्या कधी जातो का हो?"

"ते आमीबी बोललो. पण मिशनची मराठी अशीच असते न्हवं का. गोऱ्या सायबाकून शिकलेले तुमी लोक."

गणपतराव गेले. पाळकसाहेबांचा चेहरा हळदीच्या पिशवीसारखा पिवळा पडला होता. "साळवे," ते म्हणाले, "त्रैक्यात आत्या बसवलीत तुम्ही. दोन हजार वर्षांत कुठल्या पाखंड्याला सुचलं नाही ते तुमच्या अक्षराने केलं." मी म्हणालो, माझं अक्षर चांगलं आहे. ते म्हणाले, "त्मा आणि त्या यांत फरक दिसत नाही, ते अक्षर चांगलं कसं?" दोन शिक्षा झाल्या. पहिली, वहीत शंभर वेळा 'आत्मा' लिहून दाखवायचा. दुसरी, स्वतः हट्ट्याला जाऊन, सगळ्यांसमोर, तोंडाने चूक दुरुस्त करून यायचं. तोवर कपाटाची किल्ली, म्हणजे माझी नोकरीच, त्यांच्याकडे राहणार.

त्या वेळी माझं वय अडतीस. शाळेतल्या लेकरासारखा बसून मी शंभर आत्मे लिहिले. माझी बायको चहा ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "एवढे आत्मे घरात झाल्यावर भगतच बोलवावा लागेल." पाळकसाहेबांनी वही उलटसुलट पाहिली आणि पुटपुटले, "यात तर कुठं 'त्या' दिसत नाही." माझ्या ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी आपला सुधारलो याचा आनंद मानला.

मग दोन एसट्या बदलून हट्ट्याला गेलो. वाटभर मनाची तयारी करत होतो. सत्य ते सत्य. मी नोकरीच सत्य सांगायची करत होतो. कुणाच्या चुकीने एखाद्याचं भलं झालं, म्हणून चूक काही शिकवण होत नाही. हे सगळं घोकत गणपतरावांच्या दारात उभा राहिलो.

दत्तू अंगणात धावत होता. म्हैस व्याली होती. गणपतरावांच्या बायकोने दाण्याच्या डब्याची किल्ली सखराबाईकडे देऊन विचारलं, "वन्सं, पाव्हण्यांला काय करू?" सखराबाई चाळिशीची असेल. हातपाय चिवट, नजर खाली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती लगेच चुलीकडे वळली. मी कशाला आलो ते तिला बहुतेक समजलं असावं. चूक दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाची चालच वेगळी असते.

"कार्ड बघू जरा," मी म्हणालो.

गणपतरावांनी देवघरातून चौकट आणली. कार्ड काचेत! त्यावर रोज हळदकुंकू वाहून वाहून नेमका मधला मजकूर लालभडक झालेला. 'पवित्र' तेवढं वाचता येत होतं. पुढचं अक्षर आता मलाच काय, कोणालाही वाचता आलं नसतं.

"काहून मास्तर, काही चुकलं का लिवण्यात?" गणपतरावांनी विचारलं.

चार शेजारी जमले होते. गणपतरावांची बायको दारात थांबली. सखराबाई चुलीपाशी पाठमोरी बसली, पण भाकरी थापायची थांबली होती. माझ्या जिभेवर 'आत्मा' होता. शंभर वेळा गिरवलेला, स्वच्छ, सुवाच्य.

मी म्हणालो, "व्याकरण चुकलं. 'जातो' नाही, 'जाते' पाहिजे होतं."

"म्या म्हणलोच व्हतो!" गणपतराव शेजाऱ्यांकडे वळून खूश होऊन म्हणाले. मागे भाकरीवर पुन्हा थाप पडली.

परत आल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "दुरुस्ती केलीत?" मी म्हणालो, "केली." त्यांनी चष्मा काढला. "काय दुरुस्त केलंत?" मी म्हणालो, "लिंग." त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला मात्र अनेक वर्षं टोचणी राहिली. इतरांना खरं सांगण्याचा पगार घेणारा मी, त्या एका दिवशी, चार लोकांत, खोटा ठरलो. प्रार्थनेत ते रोज कबूल करायचो आणि रोज सखराबाईचा चेहरा आठवला की कबुली अर्ध्यावर राहायची.

पुढे मी निवृत्त झालो. एके दिवशी दुपारी दारात खिल्लारे. तेही निवृत्त झाले होते; हिंगोलीला मुलीकडे आले होते. केस पांढरे, बाकी तेच. मी म्हणालो, "आत्म्याचा पुरावा घ्यायला आलात की काय?" ते हसले. बोलता बोलता सखराबाईचा विषय निघाला. म्हातारी झाली होती, पण घरात अजून तिचाच शब्द चालायचा. दत्तूच्या लग्नात तिला पहिला मान दिला होता.

"माझ्या वाईट अक्षराने तेवढं एक चांगलं झालं," मी म्हणालो. "त्मा चा त्या वाचलात तुम्ही. मला शंभर वेळा आत्मा लिहावा लागला त्यापायी."

खिल्लारेंनी चहा बशीत ओतला. "साळवेसाहेब, तुमचं अक्षर मोत्यावानी. दर महिन्याला तेच तर लिवत व्हतो मी तुमाला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"बरं, त्मा चा त्या झाला असं धरू. पण 'दूरची आत्या' मधली 'ची' कुठून आली? कार्डात 'ची' व्हती का? इतक्या वर्षांत तुमी कवा इचारलंच न्हाई."

खरंच, मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यावर गार पाणी ओतल्यासारखं झालं.

"अहो, पण तुम्ही जाणूनबुजून खोटं वाचलंत?"

"खोटं बोलू नये असं आमच्या पंचशीलातबी हाय. तकलीफ झाली मला. पण आत्मा म्हणून वाचलं असतं, तर भगत म्हणला असता, बगा, म्हणलो व्हतो ना, आत्माच हाय, काढा. तुमच्या त्या पंधरा ओळीतला बारीक फरक त्या गर्दीत कोण ऐकून घेणार? आन् साहेब, आत्मा हाय का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. मी आजबी मानत न्हाई. पण आत्या व्हती. बोचकं बांधून उंबऱ्यात बसली व्हती, माझ्या तोंडाकडं बघत."

मग ते जरा समजूत घातल्यासारखं म्हणाले, "समदंच बदललं न्हाई मी. 'पवित्र' हे तुमचं व्हतं. ते तसंच ठिवलं."

दर महिन्याला पुरावा मागणाऱ्या त्या माणसाकडे मी बघत राहिलो. तो माझ्यासमोर बसून बशीतला चहा फुंकून पीत होता. 'पुरावा तुम्हीच', हे आयुष्यभर शोधलेलं उत्तर ओठावर आलं होतं, पण मी बोललो नाही. बोललो असतो तर पुढच्या महिन्यात त्यांचं कार्ड आलंच असतं: आपले म्हणणे समजले, पुरावा मिळाला नाही.